कोटाचा आवाज

आई गेली त्याच्या आदल्या सकाळी आम्ही दोघी डब्याच्या झाकणावरून भांडत होतो.

"हे झाकण या डब्याचं नाहीच," मी म्हणाले.

"वर्षानुवर्षं याच डब्यावर बसतंय."

"बसत नाही. तू बसवतेस."

"मग बसलं ना शेवटी?" आईने तळहाताने एक धपका दिला, झाकण बसलं, आणि डबा माझ्या पिशवीत गेला.

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे. तिचा सगळा जन्म न बसणाऱ्या गोष्टी ताणून, दुमडून, दाबून बसवण्यात गेला होता. धक्क्यामागच्या कारखान्यात ती जाड कापड शिवायची. बोटींवर घालायची आवरणं, दुकानांपुढची छतं, वाऱ्याच्या बाजूला सोडायचे पडदे. नवा तागा आला की आधी त्याचं टोक ती ओठांशी धरायची, पलीकडे तळहात ठेवायची आणि जोरात फुंकर मारायची. तळहाताला फुंकर लागली तर तागा परत. "सच्छिद्र आहे मेला," म्हणायची, जणू ताग्याचं चारित्र्यच वाईट आहे. घरीही ती असंच करायची. मी नवीन रुमाल आणला तरी आधी त्याला फुंकर. मी हसले की म्हणायची, "हस. वारा हसत नाही."

घरात आम्ही दोघीच. बाबा मला आठवत नाहीत इतक्या लवकर गेले. आईला एक बहीण, ती लांबच्या गावी, दर रविवारी फोन करणारी.

मी नदीवरच्या बोटीवर तिकीट तपासते. आमची नदी मुखाजवळ फार रुंद आहे, आणि पूल व्हायचा तेव्हा होईल. तोवर माणसं, सायकली, भाजीच्या टोपल्या, सगळं आमच्याच बोटीने अलीकडून पलीकडे जातं. प्रवासी मधल्या भागात पडद्यांच्या आत बसतात. ते पडदे आईच्याच कारखान्यात शिवलेले. माझी जागा मात्र पडद्यांबाहेर, पुढच्या फळीपाशी, जिथून माणसं चढतात-उतरतात. बोटीवरची सगळ्यात उघडी जागा ती. दोन फेऱ्यांमध्ये मी तिथेच कठड्याला टेकून वाचत असते. हिवाळ्यात लोक माझ्याकडे बघून पडद्याआड अंग चोरतात आणि म्हणतात, "बाई, तुम्हाला थंडी वाजत नाही?"

नाही. मला थंडी वाजत नसे. लहानपणापासून नाही. शाळेच्या मैदानात बाकीच्या मुली बगलेत हात घालून कुडकुडत उभ्या असायच्या तेव्हा मी ऐटीत फिरायची. घरी येऊन आईला सांगायची, सगळ्यांना वाजली, मला नाही. आई म्हणायची, "तू वेगळीच आहेस." हे मी मनापासून खरं मानलं होतं. दुसरं काही माझ्यात वेगळं नव्हतं. ना रूप, ना आवाज. पण एवढं एक होतं. बोटीवर माझं नाव 'दगडबाई' पडलं, तेव्हा मला बरंच वाटलं.

नाव ठेवलं होतं इंजिनवाल्या काकांनी. बोट जितकी जुनी, तितकेच काका जुने. खालच्या खोलीत तेलाच्या वासात बसतात आणि वर येतात ते फक्त चहाला आणि भांडणाला.

त्या दिवशी भांडण धक्क्यावरच्या बोर्डावरून होतं. आमच्या धक्क्यावर तापमान दाखवणारा एक दिव्यांचा बोर्ड आहे. मफलरमध्ये डोळ्यांपर्यंत बुडालेले एक गृहस्थ त्याच्याकडे बोट दाखवून मला विचारत होते, "हा बंद आहे का हो? काल हाच आकडा होता."

"आजही तेवढंच आहे."

"काय सांगता! काल मी टोपीशिवाय आलो. आज कान गळून पडायची वेळ आली."

"काल वारा नव्हता. आज आहे."

"मग आकड्यात वारा का धरत नाहीत तुमचे लोक?"

मी त्यांना जे वाचलं होतं ते सांगितलं. आपल्या अंगाला लागून उबदार हवेचा एक पातळ थर असतो. आपणच तो तापवलेला असतो. हवा स्थिर असली की तो अंगावर राहतो. वारा येतो आणि तो थर घेऊन जातो. आपण दुसरा तापवतो, तोही घेऊन जातो. म्हणून थंडी तेवढीच असते, पण आपल्याला जास्त वाजते. बोर्डाला नाही वाजत, कारण बोर्डाच्या अंगात मुळात ऊबच नाही. खांबाला, बाकाला, धोंड्याला कितीही वारा लागला तरी ते हवेपेक्षा जास्त गार होत नाहीत.

"म्हणजे आमच्या दगडबाईसारखं," काका जिन्यातून डोकं काढून म्हणाले.

"तुम्ही खाली जा."

"जातो. पण काय हो साहेब, वाऱ्याने न्यायला अंगात आधी ऊब पाहिजे हे पटलं ना? मग हिच्याशी बोलू नका, चहा घ्या."

गृहस्थ हसले. मीही हसले. वारा सरळ पाठीवर येत होता आणि मी पुस्तकाचं पान अंगठ्याने दाबून धरून उभी होते.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई खिडकीजवळच्या मशीनवर काहीतरी शिवत होती. दाराचा आवाज झाला की ती मान वर न करता विचारायची.

"वाजली का थंडी?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही गं."

"बरं." मग ती दोरा दातांनी तोडायची. रोज हाच प्रश्न, हेच उत्तर. एखाद्या दिवशी मला कंटाळा येऊन मी नुसती मान हलवायची, तर ती पाय थांबवून, चष्मा कपाळावर सरकवून, माझ्याकडे नीट बघून पुन्हा विचारायची. ऐकल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

त्या संध्याकाळी मी नीट उत्तर दिलं होतं. हे मला आठवतं, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा बोट नुकतीच अलीकडचा धक्का सोडून निघाली होती. कारखान्यातली आईच्या शेजारच्या टेबलावरची बाई बोलत होती. आधी रडली, मग म्हणाली, ये. आई कापडावर डोकं टेकून बसल्यासारखी वाटली होती. त्यांना वाटलं, सुईत दोरा ओवतेय.

बोट मध्यातून परत फिरवत नाहीत. माणसं भरलेली, प्रवाह जोराचा. पलीकडे जायचं, फळी टाकायची, लोक उतरवायचे, नवे चढवायचे आणि मगच परत. मी तिकिटं तपासली. एका म्हातारीची पिशवी धरली. परतीच्या वाटेवर कारखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसायला लागलं आणि हळूहळू मोठं होत गेलं. काका वर येऊन माझ्याशेजारी उभे राहिले. चहाची वेळ नव्हती.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत मला तिचा हात धरू दिला. खोलीची खिडकी उघडी होती. नर्सने घाईने पुढे होऊन ती लावली, जसं आपण झोपलेल्या माणसासाठी लावतो. मी म्हटलं, असू दे. आईचा हात त्या खोलीइतकाच गार होता, त्याहून जास्त नाही. वाऱ्याचा आणि तिचा संबंध आता संपला होता.

कधीतरी त्या धावपळीत माझ्या कोटाची चेन तुटली. जन्मात पहिल्यांदा मी कोट घेऊन बाहेरच्या शिंप्याकडे गेले. तोवर प्रत्येक कोट आईच्या हातून जायचा. नवीन घेतला की ती म्हणायची, "दे, पक्का करून देते," आणि दोनेक दिवस तो मशीनवर पडून असायचा. दुकानातली शिवण कच्ची असते, हे तिचं ठाम मत. मी कधी बघायलाही गेले नाही. आई काय करतेय हे बघायला कोण जातं?

आमच्या गल्लीच्या टोकाला एक टेलर मास्तर आहेत. त्यांनी चेन बदलली, अस्तर धुवून त्याला इस्त्री केली आणि कोट देताना म्हणाले, "हलका केलाय बघा." मी मान हलवली. त्या दिवसांत भेटणारा प्रत्येक माणूस मला मन हलकं करायला सांगत होता. मी सगळ्यांनाच मान हलवत होते.

आणि मग मला थंडी वाजायला लागली.

आधी कळलंच नाही ते काय आहे. पाठीच्या मधोमध, दोन खांद्यांच्या खाली, कोणीतरी ओला हात ठेवल्यासारखं. मग तो हात पसरला. फळीपाशी उभी राहिले की दात एकमेकांवर वाजत. पुस्तक धरता येईना. बोटं आपली नाहीत असं वाटे. मी आतून आणखी एक स्वेटर घातला. मग दोन. वारा दोन्हींतून येत होता. तिकिटं तपासताना प्रवासी माझ्याकडे बघत आणि बघून न बघितल्यासारखं करत.

मला भीती वाटली, आणि ती थंडीची नव्हती. वाटलं, आईबरोबर मीही गेले. जी काही 'वेगळी' होते ती. आता मी चारचौघींसारखी आहे. चाळिशीची एक बाई, नदीवर उभी, कुडकुडणारी.

रविवारी मावशीचा फोन आला. "दुःखात अंगातली ऊबच जाते बाळा. माणूस गेलं की घर गार पडतं. तू शाल पांघर. आणि जेवतेस ना?"

"जेवते."

"खोटं बोलू नकोस, तुझी आई नसली तरी मी आहे."

मी शाल पांघरून बसले. घरात वारा नव्हता, तरी मशीनच्या बाजूला मी जात नसे. त्या कोपऱ्याची मला थंडी वाजे. हेच असणार, मला वाटलं. पुस्तकांतूनही असंच लिहिलेलं असतं, शोक शरीरात उतरतो वगैरे. मी बोटीच्या कार्यालयात विचारूनही आले, मला आत तिकीट खिडकीवर घ्याल का. साहेब म्हणाले, "तू? दगडबाई आत?" आणि माझं तोंड बघून त्यांनी रजिस्टर उघडलं. सोमवारपासून ये म्हणाले.

बाहेरचा शेवटचा दिवस होता. पलीकडच्या धक्क्यावर बोट थांबली होती, माणसं उतरून गेली होती. मी कोट आवळून उभी होते. काका मागून आले आणि अगदी जवळ येईपर्यंत मला कळलं नाही.

"दचकलीस?"

"वारा आहे ना. ऐकू येत नाही."

"वारा तर रोजचाच आहे." ते माझ्याभोवती एक चक्कर मारून आले, इंजिनाभोवती मारतात तशी. "कोटाचा आवाज कुठे गेला?"

"कसला आवाज?"

"तुझा कोट बोलायचा. तू जिना उतरायला लागलीस की मला खाली कळायचं. शीड फडफडल्यासारखा. म्हणून तर मी तुला बघून बिडी विझवत नव्हतो, ऐकून विझवायचो. या आठवड्यात दोनदा पकडलंस."

"सगळेच कोट वाजतात काका."

"माझा नाही वाजत." त्यांनी स्वतःच्या छातीवर हात चोळून दाखवला. "हा बघ, मुका. नवा घेतलास का?"

"नाही. तोच आहे. चेन बदलली."

"तो नाही," काका म्हणाले. मग माझ्या पाठीला त्यांनी तेलकट हाताने चाचपलं, जसं ते पाइपला चाचपतात. "तो नाही गं पोरी. आत काही राहिलं नाहीये याच्या."

मी सरळ मास्तरांकडे गेले. त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, दार रस्त्यावर उघडणारं. मास्तर मशीनवर होते, पाय आरामात पुढे पसरलेले.

"मास्तर, माझ्या कोटात काही होतं का?"

"खिशात? खिशातलं मी सगळं परत—"

"आत. अस्तराच्या आत."

"हां, ते!" ते खूश झाले. "कुणीतरी जाड काहीतरी कोंबून ठेवलं होतं. कोट नुसता पत्र्यासारखा झालेला. मी म्हटलं, बाई एवढं ओझं का वाहतायत? काढून टाकलं. सांगितलं ना तुम्हाला, हलका केलाय."

"कुठे आहे ते?"

मास्तरांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. उंबऱ्यापाशी, दाराच्या फटीत, एक लांबट गुंडाळी दाबून ठेवलेली होती.

"खालून फार वारा यायचा हो," ते ओशाळून म्हणाले. "पाय बधिर व्हायचे. हे लावलं आणि... एक झुळूक येत नाही बघा. फार चांगलं कापड. मी विचारणारच होतो, कुठलं आहे म्हणून."

त्यांनी उठून ती गुंडाळी स्वतः काढली, झटकली, मांडीवर पुसली आणि टेबलावर उलगडली.

पाठीच्या आकाराचं होतं. खांद्यांपाशी दोन पंख, खाली कमरेपर्यंत. एकसंध नव्हतं. मधोमध एक निळा तुकडा होता, वीतभर रुंद, धुवून धुवून राखाडी झालेला; एखाद्या लहान मुलीच्या पाठीत मावेल एवढाच. त्याच्या दोन्ही बाजूंना खाकी पट्ट्या जोडलेल्या. त्यांच्या बाहेर नारिंगी, दुकानांच्या छतांची. त्याही बाहेर हिरवट, आमच्या बोटीच्या पडद्यांचं कापड. प्रत्येक जोडावर आईची दुहेरी शिवण. मी वाढत गेले तशी ती बाजूने जोडत गेली होती. कोट बदलले, हे तेच राहिलं होतं, या कोटातून त्या कोटात.

शाळेच्या मैदानात मी ऐटीत फिरत होते, तेव्हा तो निळा तुकडा माझ्या पाठीवर होता.

तिने कधी सांगितलं नाही. मी येऊन बढाई मारायची आणि ती म्हणायची, तू वेगळीच आहेस. सांगितलं असतं तर मी कोटाला धन्यवाद दिले असते, आणि मला माझ्यात काही आहे असं वाटायचं ते गेलं असतं. म्हणून तिने ते श्रेय मला राहू दिलं. रोज संध्याकाळी फक्त विचारून घ्यायची, शिवण धरून आहे ना.

"परत घालून देऊ का?" मास्तर हळूच म्हणाले. "आत्ता देतो. बसा."

"नको. मी घालते."

"येतं तुम्हाला?"

"नाही."

दाराच्या फटीतून वारा आत यायला लागला होता. मास्तरांनी पाय मशीनखाली ओढून घेतले आणि म्हणाले, "ज्यांनी शिवलंय, त्यांना माझा नमस्कार सांगा."

"सांगते," मी म्हणाले.

रविवारी दुपारी मी आईच्या मशीनवर बसले. तिच्या खुर्चीत तिच्या बसण्याने पडलेला खळगा होता, मी त्यात नीट बसत नव्हते. दोरा ओवायलाच पहिला तास गेला असेल. ती सुई फक्त तिचंच ऐकायची. एक मोडली. मावशीचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, शिवतेय. मग मावशी म्हणाली, "चाक आधी हाताने फिरव. मग पाय. तू नेहमी उलटं करतेस, ती म्हणायची." मी तसं केलं. शिवण तरी सरळ गेली नाही. गावाकडच्या पाऊलवाटेसारखी भटकत भटकत खांद्यापर्यंत पोहोचली. आईने पाहिलं असतं तर उसवायलाच लावलं असतं. डाव्या खांद्यापाशी कापड कमी पडलं. ताणलं, दुमडलं, दाबलं. बसलं नाही. तिने बसवलं असतं.

अस्तर बंद करण्याआधी मी कापडाचं टोक ओठांशी धरलं, पलीकडे तळहात ठेवला आणि फुंकर मारली. तळहाताला काहीच लागलं नाही.

सोमवारी मी आत तिकीट खिडकीवर गेले नाही. साहेबांना सांगितलं, माझी जागा पुढेच आहे. फळीपाशी उभी राहिले. मफलरवाले गृहस्थ भेटले, बोर्डाकडे बघून, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आज वारा आहे." मी म्हटलं, "आहे." जिना उतरताना खालून घाईने बिडी विझवल्याचा वास आला आणि काकांचा आवाज, "आली!"

पाठीवर वारा येऊन थांबत होता. मला तो थांबल्याचं आता समजत होतं. तिथे एक जागा होती जिथून तो आत येऊ शकत नव्हता, आणि तिची कड कुठून कुठे जाते ते मला ठाऊक होतं. फक्त डाव्या खांद्याशी, जिथे माझी शिवण कमी पडली होती, तिथून एक बारीक धार दिवसभर आत येत राहिली. मी ती बोटाने दाबली नाही.

संध्याकाळी घरी आले. दाराचा आवाज झाला. कोट काढताना त्याचाही झाला, तो कोरडा फडफडाट, जो मी आयुष्यभर ऐकला आणि कधीच ऐकला नव्हता. मी तो खिळ्याला लावला. खिडकीजवळ मशीन होतं, मोडलेली सुई तशीच टेबलावर. खोली शांत होती. कोणी मान वर न करता काही विचारलं नाही.

मी थोडा वेळ दाराशीच उभी राहिले.

"वाजली," मी मोठ्याने म्हणाले. खोलीत माझा आवाज मला ओळखू आला नाही, म्हणून नीट, पुन्हा म्हणाले. "डाव्या खांद्याला. बाकी नाही. तुझ्या भागाला अजिबात नाही. पण वाजली, आई. मला थंडी वाजते गं."